पाठमोरा पाहुणा

आमच्या घरात दोन-अडीच महिने एक परका माणूस राहिला आणि त्यानं एकदाही मला तोंड दाखवलं नाही. सकाळी दहाला टीव्ही लावला की तो हजर. कायम पाठमोरा. अंगात करडी बंडी, पायात लाल बूट, आणि केस असे विस्कटलेले की पहिल्याच दिवशी माझा हात कंगव्याकडं गेला. घरदार, कामधंदा, आईबाप यातलं काही त्याला असल्याचं दिसलं नाही. दिवसभर लोकांच्या गच्च्यांवरून पळायचं, भिंतींवर चढायचं, या इमारतीवरून त्या इमारतीवर उडी टाकायची, एवढंच त्याचं काम.

तो व्हिडिओ गेममधला होता हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर साताऱ्यात आमच्याबद्दल नको त्या चर्चा व्हायच्या. अशा पळापळीला पार्कूर म्हणतात, असं जावयानं सांगितलं. वाटेत भिंत आली तर वळसा घालायचा नाही, ती ओलांडायची. कठडा आला, ओलांडायचा. दोन इमारतींमधली बोळ आली, तीही वरच्या वर ओलांडायची. ऐकूनच माझ्या कपाळाला आठी पडली. मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं घरात एकच धडा दिला, तो म्हणजे ओलांडू नये. झोपलेल्या माणसाला ओलांडू नये, पाय पसरून बसलेल्याला ओलांडू नये, अन्न ओलांडू नये, केरसुणी ओलांडू नये. चुकून ओलांडलंच तर आल्या पावली उलटं ओलांडायचं, म्हणजे ते फिटतं. नाहीतर ज्याला ओलांडलं त्याची उंची खुंटते. यात शास्त्र काय ते मला विचारू नका. माझी लेक लहानपणी चार वेळा ओलांडली गेली, चारही वेळा मी ओलांडणाऱ्याला दंड धरून परत फिरवलं, आणि आज ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे.

तर हा पाहुणा आला तो आमच्या ह्यांच्यासाठी. ह्यांचं नाव मी लिहीत नाही. उखाण्याशिवाय ते घ्यायची सवय नाही, आणि दर वाक्याला उखाणा कुठून आणू? हे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गाव वडूजच्या बाजूला, जिथला पाऊस बहुतेक दुसऱ्यांच्या रानात पडताना दिसतो. सैन्यात ह्यांचं काम होतं नव्या जवानांना अडथळ्यांच्या मैदानावर तयार करायचं. नऊ फुटी भिंत, दोरखंड, खंदक, मचाणावरून उडी. लग्नानंतरच्या पहिल्याच रजेत ह्यांनी अंगणात सोडून ठेवलेली बैलगाडी एका उडीत ओलांडून मला दाखवली होती. मी सवयीनं "आता उलटं ओलांडा" म्हणाले, तर सासूबाई म्हणाल्या, "आगं, गाडीची उंची न्हाई खुंटत."

दुसऱ्यांना उड्या शिकवता शिकवता ह्यांचा उजवा गुडघा झिजला. पाच वर्षं हे "हवा बदलली की दुखतं जरा" म्हणत राहिले. हवा बदलत राहिली, गुडघा काही बदलला नाही. मग हळूहळू आमच्या गच्चीचा जिना बंद झाला. आधी महिन्यातून एकदा, मग सणावारी, आणि शेवटी "गच्चीवर काय सोनं ठेवलंय?" यावर गाडी आली. सोनं नव्हतं, पण माझं वाळवण होतं. दर उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरडया घालायचे आणि हे खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन, कावळ्यांवर पहारा करायचे. निवृत्तीनंतर ह्यांना मिळालेली तेवढीच एक ड्यूटी. गेले तीन उन्हाळे कावळ्यांना मोकळं रान मिळालं होतं.

शेवटी संक्रांत झाल्यावर मिरजेत ऑपरेशन झालं आणि नवा गुडघा बसला. लेक सांगलीत विश्रामबागेत राहते, म्हणून तीन आठवडे तिच्याकडं राहायचं ठरलं. इथं आमच्या सुभेदारांची खरी पंचाईत झाली. लेकीच्या घरी चहा घेतानासुद्धा ह्यांना अवघडायला होतं, आणि इथं तर जावयाच्या घरात, जावयाच्या पलंगावर, जावयाच्या खांद्याला धरून उठायचं. डॉक्टरांनी गुडघा वाकवायचा व्यायाम दिवसातून चार वेळा सांगितला होता. तो करताना दुखतं, आणि दुखलं की माणूस कण्हतं. जावयासमोर कण्हायचं कसं? म्हणून हे दार लावून व्यायाम करतो म्हणायचे. आतून आवाज यायचा नाही. आम्हाला वाटायचं, काय सोसतात बाई.

जावई बँकेत आहे. दिवसभर लोकांशी गोड बोलून आलेला असतो, म्हणून संध्याकाळी तासभर हा गेम खेळतो. पहिल्या दिवशी मी पडद्यावर पाहिलं तर एक माणूस या गच्चीवरून त्या गच्चीवर जिवाच्या आकांतानं पळत होता. माझं माहेर सांगलीचं. आम्हा सांगलीकरांना माणसं गच्चीवर दिसली की एकच गोष्ट सुचते. मी विचारलं, "कुठं पूर आलाय?"

"पूर नाही, आई. हौस आहे," जावई म्हणाला.

हौसेनं गच्चीवर राहिलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. पण पलंगावरून ह्यांचा आवाज आला. ऑपरेशनपासून चार दिवस "हूं" च्या पुढं न गेलेला माणूस बोलायला लागला. "उतरताना गुडघं वाकवायला पायजेत. ताठ पायावर उतरला की मणका जातो. बगा, बगा, आता कोलांटी घेतली ती बराबर घेतली. खांद्यावरनं गेला." जावयाला सासरे आपल्याशी एवढं बोलतात याचंच इतकं अप्रूप वाटलं की त्यानं हातातला रिमोट ह्यांच्या हातात दिला. आणि आम्ही साताऱ्याला निघालो तेव्हा तो गेमचा डबा आमच्या गाडीत ठेवून दिला. मला नवीन घ्यायचाच होता, म्हणाला. जावयानं दिलेली वस्तू, नको म्हणता येईना. असा पाठमोरा आमच्याबरोबर साताऱ्याला आला.

साताऱ्यात व्यायाम घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी एक दिवसाआड येऊ लागली. तिच्याकडं गुडघा किती वाकला ते मोजायचं दोन पट्ट्यांचं साधन होतं. पहिल्या दिवशी तिनं मोजलं आणि तिचा चेहरा उतरला. साठ अंश. एव्हाना काटकोन व्हायला हवा होता, म्हणाली. होळीनंतर मिरजेला तपासणी होती. तोवर काटकोन झाला नाही तर भूल देऊन, जोर लावून गुडघा वाकवावा लागेल, आणि तसं करूनही पूर्ण सुटेल याची खात्री नाही. मग पाय कायमचा तसाच. जिना नाही, चढ नाही, खाली बसणं तर विसराच. ती गेल्यावर मी माझ्या जुन्या कंपासपेटीतून कोनमापक काढला आणि स्वतः मोजलं. साठच. सगळी नोकरी मुलांना काटकोन शिकवण्यात गेली आणि घरातला नवरा काटकोनात येईना.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. ह्यांची उडाल्याचं दिसलं नाही. रोज सकाळी नाश्ता झाला की हे म्हणायचे, "तू जा, चा टाक. मी व्यायाम करतो." दार लागायचं. मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी राहायचे. आतून धापा टाकल्याचा आवाज यायचा. ह्ह, ह्ह, ह्ह, मध्येच एक हुंकार, मग पुन्हा धाप. सांगलीला आवाजसुद्धा नव्हता, इथं आपल्या घरात मोकळेपणानं कण्हताहेत म्हणून मला बरं वाटायचं. भिंतीवर लावलेल्या तक्त्यावर चारही वेळच्या रकान्यांत बरोबरच्या खुणा पडत होत्या. मी शेजारणीला सांगितलं, लेकीला फोनवर सांगितलं, फार कष्ट घेताहेत. आणि ती मुलगी एक दिवसाआड येऊन मोजायची, तर एकसष्ट. पुन्हा एकसष्ट.

एकदा सकाळी धापांचा आवाज फारच वाढला. मला राहवेना. लिंबाचं सरबत केलं आणि दार ढकलून आत गेले. आमचे सुभेदार पलंगावर उशीला टेकून आरामात बसले होते. उजवा पाय सरळ, लोडावर. समोर टीव्ही चालू. हातात रिमोट. आणि धापा टाकत होता तो पाठमोरा.

पंधरा दिवस मी ज्याच्या कष्टांचं कौतुक करत होते तो माणूस आमच्या घरचा नव्हताच. सरबताचा पेला मी स्वतःच पिऊन टाकला. मग मला जे बोलायचं होतं ते मी बोलले. ते सगळं इथं लिहीत नाही. तक्त्यावरच्या खोट्या खुणांवर मात्र शाळेतल्यासारखी लाल फुली मारली. शाळेत असती तर अशी वही मी आईवडिलांना बोलावून दाखवली असती. सासूबाई हयात नाहीत, म्हणून वाचले.

हे खाली मान घालून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "तू एकदा खेळून बग. मग बोल."

मी रागातच रिमोट घेतला. पहिल्या पाच मिनिटांत पाठमोऱ्याला सहा वेळा खाली पाडलं. सातव्यांदा एका गच्चीवर नीट पोचले. तिथं कुणी तरी रखवालदार जमिनीवर झोपला होता. मला थांबता येईना, बोट भलतीकडंच गेलं आणि पाठमोऱ्यानं त्या झोपलेल्या माणसाला ओलांडलं. मी घाईनं त्याला मागं वळवलं आणि उलटं ओलांडायला लावलं. त्या गडबडीत मागून येणाऱ्या शिपायांनी त्याला पकडलं.

"काय केलंस हे?" ह्यांनी विचारलं.

"उलटं ओलांडलं. झोपलेला होता तो."

"आगं, चित्रातला माणूस हाय त्यो. त्याची उंची कशी खुंटंल?"

"चित्रातला असला म्हणून काय झालं, कुणाचा तरी मुलगा असेलच."

हे हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी चिडलेली होते, पण ते हसणं बघून माझा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा मी जपून ठेवला, कारण तो लागणार होता.

त्यानंतर मी रोज शेजारी बसून बघू लागले. गेमला मी नावं ठेवायची ती ठेवलीच. एवढ्या गच्च्या, आणि एकीवरही पापड नाही, सांडगे नाहीत, लोणच्याची बरणी नाही. नुसत्या रिकाम्या. त्या शहरातल्या बायका उन्हाळ्यात करतात तरी काय? जिथून उडी मारायची तिथं नारिंगी रंग दिलेला असे. मी म्हटलं, एवढे पट्टे मारलेत, शेजारी एक कठडा बांधायला काय झालं होतं? पण बघता बघता मला दुसरंच दिसायला लागलं. आमचे हे उडी मारतच नव्हते.

पाठमोऱ्याला पळवत कडेपर्यंत न्यायचे आणि तिथं थांबवायचे. खाली बघायचे. डावीकडं, उजवीकडं, मागं. मग तोंडातल्या तोंडात "हितनं नगं" म्हणायचे आणि त्याला मागं फिरवून जिना शोधायचे. जिना असला की जिना, नसला तर पाण्याचा पाइप, तोही नसला तर पुन्हा सुरुवातीपासून. जावई जी फेरी तीन मिनिटांत संपवायचा ती ह्यांची अख्खी सकाळ चालायची. उड्या मारण्यासाठी केलेल्या त्या गेममध्ये हे पायी फिरत होते. पहिले दोन दिवस मी त्यावरून भरपूर चेष्टा केली. "अहो, त्याला एसटीनं पाठवा," म्हटलं. तिसऱ्या दिवशी माझी नजर पडद्यावरून ह्यांच्या पायावर गेली. पाठमोरा कडेवर उभा राहिला की चादरीखाली ह्यांच्या उजव्या पायाची बोटं आत वळायची आणि पाय काठीसारखा ताठ व्हायचा.

तेव्हा मला कळलं. आळस नव्हता. कामचुकारपणाही नव्हता. आमचे सुभेदार भ्यायले होते.

चाळीस वर्षांत ह्यांची चेष्टा करायची एकही संधी मी सोडलेली नाही. त्या दिवशी तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं. मग पडद्याकडं बोट दाखवून विचारलं, "त्याला भीती वाटतेय का हो?"

"कुणाला?"

"ह्या पाठमोऱ्याला."

ह्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. "वाटती," म्हणाले. "एकदा वाया गेलेलं हाय. नवं घातलंय. वाकवायला गेलं की आतनं काय तरी तुटंल असं वाटतं त्याला. परत मोडलं तर परत तितनंच सगळं."

"मग त्यानं कुणाला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? जलम गेला पोरांना 'भ्यायचं न्हाई' म्हणून सांगण्यात."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग ह्यांनी आपणहून सांगितलं, आणि ते मला कधीच सांगितलेलं नव्हतं. "नऊ फुटावरनं उडी मारायला पोरं भ्यायची. तवा मी आदी मारून दाखवायचो. मला बी भ्या वाटायचंच की. रोज वाटायचं. पण खाली पंचवीस जणं बघत असायची. कोण बघत असलं की उडी बसती गं. एकटा असतो तर एक बी मारली नसती."

मला फार वाईट वाटलं. ह्यांच्या भीतीचं वाटलंच, पण त्याहून जास्त माझं मला वाटलं. रोज सकाळी "तू जा, चा टाक" म्हटलं की मी निमूट उठत होते आणि दार ओढून घेत होते. ह्यांना वाटत होतं कण्हताना कुणी बघू नये. आणि कुणी बघितल्याशिवाय ह्यांच्याच्यानं होत नव्हतं. हे त्यांनाही उमगलं नव्हतं आणि मीही ते ओळखलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाला आणि हे म्हणाले, "तू जा, चा टाक." मी खुर्ची ओढली आणि पलंगासमोर बसले.

"आज चहा नाही. व्यायाम करा. मी पंचवीस जण आहे असं समजा."

"येडी हायस का?"

"आहे. पंचवीस येड्या बसल्यात. चला."

हे कुरकुरले, दाराकडं बघितलं, छताकडं बघितलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पाठ ताठ केली आणि मलाच दरडावलं, "रंगरुटानं खुर्चीला टेकून बसायचं न्हाई." मी सरळ झाले. हे पलंगाच्या कडेला बसले, पाय खाली सोडला, आणि स्वतःच स्वतःला हुकूम देत मागं ओढायला लागले. "एक... दोन... अजून... थांब..." दहाच्या पुढं गेल्यावर कण्हले. मोठ्यानं कण्हले. मी नजर हटवली नाही. विसाव्या वेळी ह्यांच्या कपाळावर घाम होता आणि पदर माझ्या डोळ्यांशी होता. मी "कांदा" म्हणाले. हे म्हणाले, "चा बी न्हाई टाकला, तर कांदा कुटनं आला?"

तिथून पुढं रोज चार वेळा हा कार्यक्रम झाला. मध्येच हे मलाही पाय वाकवायला लावायचे. शिकवणारा नुसता बघत बसलेल्याला शिकवत नाही म्हणे. माझे गुडघे एवढे वाजले की पंचवीस जणांत मीच सगळ्यात नापास ठरले. फिजिओथेरपिस्ट मुलीनं मोजलं, सत्तर. मग शहात्तर. मग ब्याऐंशी. चौऱ्याऐंशीवर येऊन मात्र आठवडाभर हलेना. "काका, थोडंच राहिलंय. आता जिना चढून बघायला हरकत नाही, कठड्याला धरून, एकेक पायरी," ती म्हणाली. हे म्हणाले, "बगू." 'बगू' म्हणजे ह्यांच्या भाषेत नाही. तपासणी चार दिवसांवर आली होती. पाठमोराही अजून जिन्यानंच उतरत होता.

होळी झाली आणि ऊन तापलं. गहू भिजवून, वाटून, चीक काढून मी कुरडयांची तयारी केली होती. मागं ढकलता येण्यासारखं ते काम नसतं. चीक आंबला की तो कुणाच्या गुडघ्यासाठी थांबत नाही. सकाळी शेजारीण आणि मी शिजवलेल्या चिकाचं पातेलं गच्चीवर नेलं. एका बाजूला प्लॅस्टिकचा कागद पसरला, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, मध्ये जायला दोन हात वाट. त्या वाटेवर मी पाट टाकून, टाकीकडं पाठ करून, पाय आडवे पसरून बसले आणि सोऱ्यानं कुरडया घालायला लागले. शेजारीण दुसरं पातेलं बघायला खाली गेली. गच्चीच्या त्या टोकाला ह्यांची जुनी खुर्ची होती. मी ती सकाळी पुसली होती. कशासाठी पुसली ते विचारू नका.

जिन्यावर काठीचा आवाज आला. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा ठोका. शेजारीण काठी घेऊन चढत नाही. मी सोऱ्या फिरवत राहिले, पण कुरडई कुठं पडतेय याकडं माझं लक्ष नव्हतं. तेरा पायऱ्या आहेत आमच्या. तेरावा ठोका झाला आणि हे गच्चीच्या दारात दिसले. घामाघूम. शर्टाची वरची गुंडी लावलेली.

माझ्यापर्यंत आले आणि थांबले. डावीकडं बघितलं, ओल्या कुरडया. उजवीकडं बघितलं, टाकी. मागं जिना. पाठमोरा कडेवर थांबायचा तसेच थांबले होते, फक्त ह्यांचं तोंड माझ्याकडं होतं.

"पाय घे," म्हणाले.

"नाही घेत."

"आगं, वाट कुटं हाय?"

"ही काय. ओलांडा."

"तूच म्हणतीस ना, माणसाला ओलांडायचं न्हाई?"

"मीच म्हणतेय, ओलांडा. मी बघतेय."

काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात टाकीवर टेकवला. मग उजवा पाय उचलला. मी जमिनीवर बसलेली, त्यामुळं तो नवा गुडघा बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आला. माझ्या पायांवरून जाताना तो वाकला, आणखी वाकला. काटकोन ओळखायला मला कोनमापक लागत नाही. टाच पलीकडं टेकली. मागोमाग डावा पायही गेला.

"आता उलटं ओलांडा," मी म्हटलं. तोंडातून सवयीनंच गेलं.

"आँ?"

"माझी उंची खुंटेल."

"आता काय वाढायची ऱ्हायलीया तुजी उंची?" म्हणाले, पण वळले आणि उलटं ओलांडलं. पुन्हा गुडघा माझ्या डोळ्यांसमोरून गेला. मग लक्षात आलं की हे पुन्हा जिन्याच्या बाजूला आलेत आणि खुर्ची पलीकडं आहे. हे तोंडातल्या तोंडात काही तरी पुटपुटले आणि तिसऱ्यांदा ओलांडून गेले. या वेळी टाकीला हात टेकवला नाही.

खुर्चीवर बसले. गुडघ्यावरून एकदा हात फिरवला. काठी आडवी मांडीवर घेतली. वर तारेवर एक कावळा होता, त्याच्याकडं बघून खाकरले. कावळा उडाला नाही. तीन वर्षांत तो ओळख विसरला असावा.

मग ह्यांना आठवलं. "आगं, ह्ये उलटं ऱ्हायलं की."

माझे हात चिकानं भरलेले होते, डोळे पुसता येत नव्हते. समोरच्या कुरडयांच्या तारा जाडबारीक झालेल्या दिसत होत्या.

"राहू दे," मी म्हटलं. "संध्याकाळी खाली उतरताना ओलांडा. तोवर मी इथंच बसलेय."